सगळे मर्फी एका राजाचे वंशज नाहीत

"तुमचं आडनाव मर्फी असेल, तर तुमच्या अंगात राजरक्त आहे." अशी सुरुवात असलेला मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे, आणि आता आपल्याकडच्या ग्रुपांवरही पोचला आहे. त्यात म्हटलेलं थोडक्यात असं : मर्फी हे आयर्लंडमधलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव. त्याचा अर्थ 'सागरी योद्धा', म्हणजे हे मूळचे दर्यावर्दी लढवय्ये. आयर्लंडच्या पूर्वेकडच्या लेन्स्टर प्रांताचा राजा डियरमिड मॅकमरो हा सगळ्यांचा मूळपुरुष. इंग्रजांनी कायदा करून आडनावाच्या सुरुवातीचा 'ओ' छाटला. उरलंसुरलं रूप न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवरच्या कारकुनाने बिघडवलं. आणि शेवटी सिंहांचं चित्र असलेली ढाल : हे तुमचं कुलचिन्ह, मगवर छापून मिळेल.

यातलं मर्फींच्या संख्येबद्दलचं वाक्य खरं आहे. त्याच्या आधारावर बाकीची खपून जातात, म्हणून एकेक मुद्दा सोडवून बघायला हवा.

खरं ते आधी. १८९० साली आयर्लंडमध्ये नोंदल्या गेलेल्या जन्मांवरून नोंदणी खात्याचे अधिकारी रॉबर्ट मॅथेसन यांनी देशभरातल्या आडनावांचा अंदाज काढला. त्यांच्या हिशेबात मर्फी ६२,६००, केली ५५,९००, सुलिवन ४३,६०० आणि वॉल्श ४१,७००. तेव्हा आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ४७ लाख होती, म्हणजे हजारामागे तेरा मर्फी. आजही तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने नवजात बाळांची आडनावं मोजली की मर्फीच पहिलं येतं. अमेरिकेत २०१०च्या जनगणनेत तीन लाखांहून जास्त मर्फी निघाले, म्हणजे मूळ देशापेक्षा कितीतरी अधिक. संख्येबद्दल वाद नाही.

"सगळे मर्फी एकाच मूळपुरुषाचे"

खरा घोळ इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

आयर्लंडमध्ये वंशपरंपरागत आडनावं युरोपातल्या इतर बहुतेक देशांच्या आधी रुळली. गॉलवेकडच्या एका सरदाराच्या मृत्यूची ९१६ सालची नोंद आहे, त्यात 'उआ क्लेरी' असं नाव येतं. सर्वांत जुन्या आयरिश आडनावांत ते धरलं जातं. ही आडनावं घडली ती पूर्वजाच्या नावावरून. 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज, 'मॅक' म्हणजे मुलगा. आपल्याकडे वराड गावचा तो वराडकर. आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचं आडनाव मालवण तालुक्यातल्या वराडवरूनच आलं आहे. जुन्या आयरिश आडनावात मात्र बहुधा गाव नसतं, कुणीतरी माणूस असतो.

मर्फीमधला माणूस म्हणजे मुर्खा. आयरिशमध्ये 'मुर' म्हणजे समुद्र आणि 'कॅ' म्हणजे लढाई. दहाव्या-अकराव्या शतकात हे नाव चांगलंच चलनात होतं. १०१४ साली क्लॉन्टार्फच्या लढाईत राजा ब्रायन बोरू मारला गेला. त्याच दिवशी त्याचा मुलगा पडला, त्याचंही नाव मुर्खा. लेन्स्टरच्या राजघराण्यात मुर्खा होते, उत्तरेला अल्स्टरमध्येही होते. जिथे एखादा नाव कमावलेला मुर्खा होऊन गेला, तिथे त्याचे वंशज स्वतःला 'ओ मुर्खू' किंवा 'मॅक मुर्खू' म्हणवू लागले. हे नाव आधीच दुसऱ्या कुणी घेतलं आहे का, हे बघायला तेव्हा नोंदणी कचेरी नव्हती.

त्यामुळे ही घराणी निरनिराळ्या ठिकाणी उगवली. आग्नेयेला वेक्सफर्डच्या किनाऱ्यालगत बालाकीन भागात ओ मुर्खूंचं एक मोठं घराणं होतं. दक्षिणेला कॉर्कमधल्या मस्करी भागात दुसरं, आणि आज सर्वांत दाट मर्फी वस्ती कॉर्कमध्येच सापडते. किलियन मर्फी हा ऑस्कर मिळवलेला अभिनेताही कॉर्कचा. कॉर्कचे मर्फी मुळात वेक्सफर्डहून तिकडे गेले अशी एक परंपरा सांगतात. ती खरी धरली तरी उत्तरेचं काय करायचं? टिरोन आणि दक्षिण आर्माकडची मंडळी 'ओ' नव्हतीच, ती 'मॅक' होती. अठराव्या शतकात आर्मामध्ये फासावर गेलेला बंडखोर कवी शेमस मॅक मुर्खी याच्या नावात तो 'मॅक' अजून स्पष्ट दिसतो. वेक्सफर्डच्या नातवांचं आणि टिरोनच्या मुलांचं आडनाव इंग्रजीत उतरवताना दोन्ही उपसर्ग गळाले आणि दोघांच्या हाती एकच शब्द उरला : मर्फी. मूळ आयरिश लिपीत जे वेगळं दिसत होतं, ते इंग्रजी रजिस्टरात एकसारखं झालं.

मराठी वाचकाला हे पटवायला फार लांब जावं लागू नये. महाराष्ट्रभर पाटील आहेत, पण सगळे पाटील एका आजोबांचे असं कुणी म्हणत नाही. आडनाव जितकं जास्त आढळतं, तितकी त्याची मुळं अनेक असण्याची शक्यता वाढते. फिरणारा मजकूर नेमकं उलटं सांगतो : एवढे आहेत, म्हणजे एकाच बलाढ्य राजाचे असणार.

डीएनएचं नाव पुढे करून हाच दावा करणारेही भेटतात. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या संशोधकांनी २००६ मध्ये ४३ आयरिश आडनावांच्या अकराशेहून अधिक पुरुषांचं वाय गुणसूत्र, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारं, तपासलं होतं. काही आडनावांत थोड्याच मूळपुरुषांची छाप दिसली, काहींत अनेकांची. 'आडनाव एक, म्हणून रक्त एक' असा नियम त्यातून निघत नाही. दत्तक, आईचं आडनाव लावणं, जमीनदाराचं किंवा आश्रयदात्याचं नाव घेणं, हे हजार वर्षं चालत आलं आहे. अमेरिकेत अनेक कृष्णवर्णीय घरांचं आडनाव मर्फी आहे, एडी मर्फी हे त्यातलं सर्वांना माहीत असलेलं नाव. त्यांना वेक्सफर्डच्या सरदाराचे वंशज ठरवून टाकणं म्हणजे त्यांचा स्वतःचा इतिहास पुसणं आहे, आणि तो इतिहास फार वेदनेचा आहे.

"मूळचे दर्यावर्दी योद्धे"

यावर फार वेळ घालवायला नको. 'सागरी योद्धा' हा मुर्खा या पाळण्यातल्या नावाचा अर्थ आहे, घराण्याच्या धंद्याचा नव्हे. मस्करी हा भाग तर कॉर्कमध्ये आत, डोंगराकडे आहे. यावरून मर्फींना व्हायकिंग ठरवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की नाव आणि उपसर्ग दोन्ही अस्सल आयरिश आहेत.

"राजा डियरमिड मॅकमरो हा मूळपुरुष"

डियरमिड हा लेन्स्टरचा राजा होता. ११६६ साली राज्य गमावल्यावर त्याने इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याच्याकडे मदत मागितली, ११६९ पासून नॉर्मन सरदार आयर्लंडात उतरू लागले, आणि ११७१ मध्ये तो वारला. आयर्लंडच्या पुढच्या साडेसातशे वर्षांच्या दुःखाची सुरुवात अनेक आयरिश लोक त्याच्यापासून धरतात.

त्याच्या आडनावातही मुर्खा आहेच, म्हणून गोंधळ होतो. पण त्याच्या मुलांपासून जी ओळखीची आडनावं आली ती कॅव्हना आणि किन्सेला. वेक्सफर्डचे ओ मुर्खू हे त्याच मोठ्या वंशसमूहातले, पण वेगळ्या शाखेचे. भाऊबंद म्हणा हवं तर, त्याचे वंशज नव्हेत. आर्माचे तर तेही नाहीत.

वेक्सफर्डच्या मर्फींना अभिमानाने सांगण्यासारखा पूर्वज हवाच असेल, तर त्यासाठी बाराव्या शतकात जायची गरज नाही. १७९८च्या उठावात तिथल्या शेतकऱ्यांच्या पुढे उभे राहिलेले फादर जॉन मर्फी हे बूलाव्होगचे साधे धर्मगुरू होते. त्यांना टुलो गावच्या चौकात फाशी दिलं. राजा नसलेल्या या मर्फीला आयर्लंड आजही विसरलेलं नाही.

"इंग्रजांनी कायदा करून 'ओ' छाटला"

या दाव्यात सत्याचा अंश आहे, म्हणून तो नीट वेगळा करायला हवा. १४६५ साली असा कायदा झाला होता, की डब्लिनभोवतीच्या इंग्रजी अमलातल्या मुलुखात राहणाऱ्या आयरिश माणसांनी इंग्रजी आडनाव घ्यावं : ट्रिम, कॉर्क, किन्सेल असं एखाद्या गावाचं, काळा-पांढरा-तपकिरी असं रंगाचं, किंवा लोहार, सुतार, आचारी असं कामाचं. न घेणाऱ्याचा माल जप्त. हा जुलूमच होता. पण तो मुलूख म्हणजे चार जिल्हे. कॉर्क, वेक्सफर्ड, टिरोन हे मर्फींचे प्रदेश त्यात नव्हते. आणि त्या कायद्यात 'ओ' काढा असं म्हटलेलंच नाही. त्यात सबंध आडनावच बदलायला सांगितलं होतं.

'ओ' गेला तो त्यानंतर, मुख्यतः सतराव्या-अठराव्या शतकात. आयरिश सरदारांचा पाडाव झाला, जमिनी गेल्या, कोर्ट-कचेरी, भाडेपावती, बाप्तिस्म्याची वही यांत इंग्रजी शिरली. लिहिणारा कानाला ऐकू येईल तसं इंग्रजी अक्षरांत उतरवायचा. मोरो, मॉर्को, मॉर्फी, मर्फी अशी रूपं त्यातून निघाली. 'ओ' लावणं म्हणजे आपण जुन्या आयरिश बाजूचे असं जाहीर करणं, म्हणून पुष्कळांनी तो आपणहून गाळला. असं वागायला भाग पाडणारी परिस्थिती इंग्रजी सत्तेनेच निर्माण केली, यात शंका नाही. पण एका कायद्याच्या एका फटक्याची गोष्ट सांगितली, की दोनशे वर्षं घरोघरी काय सोसलं गेलं ते झाकलं जातं.

पुढे १८९३ साली गेलिक लीग स्थापन झाली, आयरिश भाषेचं वारं सुटलं, आणि सुलिवन, कॉनर, नील यांतल्या अनेकांनी 'ओ' परत लावला. म्हणून आज ओसुलिवन, ओकॉनर, ओनील सर्रास दिसतात. मर्फींनी इंग्रजीत तो जवळजवळ लावलाच नाही. वेक्सफर्डच्या प्रमुख घराण्याने 'ओमॉर्को' हे रूप घेतलं, तेवढा अपवाद. मला वाटतं, 'मर्फी' हा शब्द तोवर इतका घट्ट झाला होता की 'ओमर्फी' कानाला परका वाटत असावा. मात्र आयरिश बोलताना-लिहिताना 'ओ' जिवंत आहे. पुरुष 'ओ मुर्खू', मुलगी 'नी वुर्खू', लग्न झालेली बाई 'ई वुर्खू'. छाटला गेला म्हणतात तो उपसर्ग आजही आयरिश माध्यमाच्या शाळांच्या हजेरीपटावर आहे.

"एलिस आयलंडच्या कारकुनाने स्पेलिंग बदललं"

ही कथा अमेरिकेत घरोघरी सांगितली जाते, आणि ती तारखांपुढेच टिकत नाही. एलिस आयलंडचं, येणाऱ्या स्थलांतरितांना तपासून घेणारं केंद्र १ जानेवारी १८९२ला उघडलं. १८४५ ते १८५२च्या भीषण दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. तेव्हा त्या बेटावर केंद्र नव्हतं. त्याआधीचं कॅसल गार्डन हे केंद्रसुद्धा १८५५चं. आणि मर्फी हे रूप आयर्लंडमध्ये त्याच्याही आधी पक्कं झालेलं होतं.

शिवाय एलिस आयलंडवरचा अधिकारी नावं लिहून घेतच नव्हता. जहाजाची यादी निघण्याच्या बंदरात भरली जायची. इथला माणूस ती समोर धरून प्रश्न विचारायचा आणि नावासमोर खूण करायचा. त्या केंद्रात पहिलं पाऊल ठेवलं तेच मुळी कॉर्कच्या ॲनी मूर या मुलीने. सोबत तिचे दोन लहान भाऊ होते. त्यांचं आडनाव मूर होतं आणि मूरच राहिलं.

नावं बदलली, पण ती माणसांनी स्वतः बदलली, नवी भाषा बोलणाऱ्यांत राहायला लागल्यावर. बुद्धिबळ खेळणाऱ्यांना न्यू ऑर्लिन्सचा पॉल मॉर्फी माहीत असेल. त्याचा पणजोबा आयर्लंडहून स्पेनला गेला होता. तिथे मर्फीचं मॉर्फी झालं, अमेरिकेचा किनारा दिसण्याच्या कितीतरी आधी.

"हे तुमचं कुलचिन्ह"

चिन्ह बहाल होतं ते एका व्यक्तीला, आणि तिच्या वंशजांकडे जातं. आडनावाला चिन्ह नसतं. आयर्लंडमध्ये हे काम मुख्य हेरल्डचं, म्हणजे कुलचिन्हांच्या अधिकाऱ्याचं, कार्यालय बघतं. चार सिंह आणि गव्हाच्या पेंढ्यांची ती ढाल कुणा एका मर्फी घराण्याची आहे, जगातल्या सगळ्या मर्फींची नाही. मगवर छापून घ्यायला कुणाची हरकत नसावी. पण पुरावा म्हणून ती कामाची नाही.

आपले मर्फी कोणते हे खरंच शोधायचं असेल तर वाट आहे, आणि मराठी घरांतल्या मर्फी सुना-जावयांनाही ती उपयोगी पडेल. आधी काउंटी, मग परगणा, मग टाउनलँड, म्हणजे आपल्या वाडीएवढा सर्वांत लहान तुकडा. १८४७ ते १८६४ मधली ग्रिफिथची मोजणी टाउनलँडवार आहे : कूळ कोण, जमीनदार कोण, जमीन किती, आकारणी किती. १८२१ ते १८५१च्या जनगणनांचे कागद बहुतेक १९२२च्या डब्लिनच्या आगीत गेले. १८६१ ते १८९१चे त्यापूर्वीच सरकारी हुकमाने नष्ट झाले होते. १९०१ आणि १९११चे मात्र आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने फुकट उघडे ठेवले आहेत. त्यातल्या कुटुंबाच्या फॉर्मवर प्रत्येकाचं वय, धर्म, लिहिता-वाचता येतं का, आयरिश बोलता येते का हे सापडतं. घराच्या फॉर्मवर भिंती दगडाच्या की मातीच्या, छप्पर गवताचं की पाटीचं, खोल्या किती, दर्शनी बाजूला खिडक्या किती. १९०१च्या कुठल्याही मर्फी वस्तीचे हे फॉर्म उघडा : राजे नाहीत, कसणारी माणसं आहेत, आणि शेजारच्या दोन घरांतले मर्फीही एकमेकांचे कुणी लागतातच असं नाही.