गप्प राहून घेतलेलं नाणं

डीलरने साध्या राणीछाप रुपयाच्या भावात ठेवलेलं नाणं दुर्मिळ आहे हे तुम्हाला ओळखू आलं आणि त्याला नाही, तर गप्प राहून ते घ्यावं का? नाणी जमवणाऱ्यांत हा विषय निघाला की दोन उत्तरं हमखास येतात. धंदा त्याचा आहे, त्याने बघून घ्यावं, हे एक. ही सरळ लुबाडणूक आहे, हे दुसरं. मला दोन्ही पटत नाहीत, कारण समोर कोण बसलंय हे दोघंही विचारत नाहीत.

दुकान थाटलेल्या किंवा प्रदर्शनात टेबल लावणाऱ्या डीलरचं बघू. 1862 चा रुपया घ्या. हे साल नाण्यांवर पुढची दहाएक वर्षं तसंच छापलं जात राहिलं. म्हणून मागच्या बाजूचे बारीक ठिपके किती आणि कुठे आहेत, राणीच्या मुखवट्यात, वेलबुट्टीत काय फरक आहे, यावरून अभ्यासक टांकसाळ आणि काळ लावतात. यातले काही प्रकार ढिगाने सापडतात, काही वर्षानुवर्षं नजरेस पडत नाहीत. यात गुपित काही नाही, सगळं छापील कॅटलॉगमध्ये आहे. भिंग डीलरकडे आहे, नाणं त्याच्याच ट्रेमध्ये पडून आहे, किंमतही त्यानेच लिहिली आहे. एकगठ्ठा घेतलेल्या मालातलं एकेक नाणं तपासत बसणं त्याला परवडत नाही, म्हणून त्याने तपासलं नाही. हा त्याने धंद्याचा हिशोब करून घेतलेला निर्णय आहे. ज्याने डोळे फोडून ठिपके मोजायला शिकून घेतलं, त्याला त्या शिकण्याचं फळ मिळालं तर त्यात मला पाप दिसत नाही. शिवाय उलटं घडतं तेव्हा तोटाही संग्राहकच सोसतो. 1939 चा रुपया दुर्मिळ, म्हणून साल कोरून बदललेले बनावट रुपये बाजारात फिरतात. तो ओळखण्यात चूक झाली तर किती डीलर आनंदाने पैसे परत करतात?

कायदाही साधारण हेच सांगतो. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या 17 व्या कलमात म्हटलंय की नुसतं गप्प राहणं म्हणजे कपट नव्हे. तिथे उदाहरणच दिलंय: दोघे व्यापारी आहेत, भाव बदलल्याची खबर एकालाच आहे, ती दुसऱ्याला सांगायला तो बांधील नाही. पण त्याच कलमात पुढची अटही आहे. बोलणं हे ज्याचं कर्तव्य आहे त्याचं मौन कपट ठरतं, आणि मौन हेच उत्तर होऊन बसतं तिथेही तसंच.

माझ्या लेखी सगळा प्रश्न या अटीत आहे. डीलरने विचारलं, "काय एवढं बघताय? काही विशेष आहे का यात?" तर त्या क्षणी गप्प राहण्याची सोय संपते. "ते मी सांगणार नाही, लिहिलेल्या भावात देत असाल तर घेतो," असं म्हणता येतं, आणि तेवढ्याने तो सावध झाला, नाणं गेलं, तर जाऊ द्यावं. "काही नाही हो, खोक्यातली एक जागा भरायचीय," हे खोटं आहे. त्याहून वाईट म्हणजे दुर्मिळ आहे हे पक्कं ठाऊक असताना "फार झिजलंय, घासून साफ केलेलं दिसतंय," म्हणत भाव पाडायचा. अशा नाण्यावर घासाघीस करूच नये. लिहिलेले पैसे मोजावेत आणि उठावं.

"डीलर तरी कुठे साव आहेत?" हा युक्तिवाद मी बऱ्याच चांगल्या माणसांच्या तोंडून ऐकलाय. लक्ष्मीपूजनाला मांडलेले पिढीजात रुपये घेऊन एखादी आजी डीलरकडे जाते आणि विचारते, "याचे किती येतील?" रुपया 11.66 ग्रॅमचा, 1939 पर्यंत त्यात जवळपास 92 टक्के चांदी. मग वजन होतं, मोडीचा भाव लागतो आणि त्यातलं एखादं नाणं दुसऱ्या दिवशी अनेक पटींनी विकलं जातं. हे वाईटच आहे. ती माल विकायला आलेली असली तरी जाणकाराचा सल्ला विचारतेय, आणि विचारलेल्याने खरं सांगायला हवं. पण त्या आजीचा तोटा माझ्या खरेदीने भरून निघत नाही. डीलरने कुणाला फसवलं म्हणून माझं खोटं बोलणं शुद्ध होत नाही.

खरी अडचण पुण्याच्या जुन्या बाजारात होते. बुधवारी, रविवारी मंगळवार पेठेत फडकं अंथरून बसलेल्या माणसापुढे नळाच्या तोट्या, कुलपं, पितळी दिवे आणि त्यात मूठभर शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी, असतात. त्याने त्या भंगारातून तांब्याच्या हिशोबाने घेतल्या, सगळ्यांना एकच भाव लावला. आता हा डीलर म्हणायचा का? विकायला बसलाय म्हणजे डीलर, असं म्हणून बरेच जण मोकळे होतात. मला ते पळवाट वाटते. दुकानवाल्याला कळणं शक्य होतं, त्याने कळून घेतलं नाही. याला कळण्याचा रस्ताच नव्हता. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्र पति’ ही अक्षरं झिजलेल्या तांब्यावर वाचणं, त्यांच्या घडणीवरून जुनी शिवराई आणि नंतरची दुदांडी वेगळी करणं, हे त्याने कुठे शिकायचं? अशा ठिकाणी चांगलं नाणं हाती लागलं तर त्याला सांगून जास्त पैसे द्यावेत, असं माझं ठाम मत आहे. पूर्ण बाजारभाव द्या असं मी म्हणत नाही, ओळखण्याचे कष्ट आपले आहेत. पण त्याला वाटा मिळावा, आणि पुढच्या वेळी त्याने शिवराया वेगळ्या काढून दाखवाव्यात एवढं त्याला समजावं.

स्वस्ताईचं आणखी एक कारण असतं आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो. एकाच राजाची, एकसारखी हिरवट, माती न सुटलेली पंचवीस-तीस नाणी एका ट्रेमध्ये पडेल भावात दिसली, तर विकणारा अडाणीच असेल असं नाही, त्याला घाई असू शकते. जमिनीत सापडलेलं, दहा रुपयांहून जास्त मोलाचं निधान जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं 1878 च्या कायद्याने बंधनकारक आहे. ते टाळायचं म्हणून हंडा फोडून वाटला जातो. 1906 साली नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीची तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली. ती क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाची होती आणि त्यांतल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. सातवाहनांनी क्षहरातांचा पाडाव केला याचा इतका ढळढळीत पुरावा आपल्याला मिळाला, कारण तो साठा एकत्र अभ्यासता आला. तीच नाणी पाच-दहा करून गावोगावच्या सराफांकडे गेली असती तर?

त्यामुळे अशा ट्रेसमोर मी भाव विचारत नाही. कुठे सापडली, ते विचारतो. नीट उत्तर आलं नाही, तर कितीही स्वस्त असोत, मी ती घेत नाही.