‘म्यूटेशनवालं सफरचंद’ मुलांना देऊ नका म्हणणाऱ्यांना

माझ्या मावशीने नातवाचं सफरचंद बंद केलंय. कारण व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज: लालभडक सफरचंदं प्रयोगशाळेत जनुकं बदलून बनवतात, एका झाडाला दोन रंगांची फळं निसर्गात येतच नाहीत, ‘म्यूटेशन’वाली, म्हणजे जनुकात बदल झालेली, फळं खाल्ली की मुलांच्या पेशी बदलतात, स्टिकरवरचा आकडा ८ने सुरू झाला तर फळ जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदललेलं. चार वाक्यं, चारही चुकीची, आणि त्यापायी एक पोर फळाला मुकतंय.

पेशींची भीती सगळ्यात वाईट, म्हणून आधी ती. भात, भाजी, डाळ यांच्याबरोबर आपण रोज त्यांचा डीएनए खातो आणि पचवतो. सफरचंदातलं बदललेलं जनुकही तसंच पचतं, ते मुलाच्या पेशी बदलत नाही. म्यूटेशनच नको असेल तर द्राक्षंही सोडा. सोलापूरजवळच्या नान्नजचे द्राक्ष बागायतदार नानासाहेब काळे यांनी सोनाका हे वाण निवडलं ते थॉम्पसन सीडलेस या द्राक्षात आपोआप झालेल्या अशाच बदलातून. तासगावचं तास-ए-गणेशही त्याच जातकुळीतलं. ही द्राक्षं खाऊन कुणाच्या पेशी बदलल्या?

स्टिकरचं थोडक्यात. ८चा आकडा जीएमसाठी राखून ठेवला होता, पण दुकानात तो कधी वापरलाच गेला नाही. जीएम सफरचंद जगात आहे, हे मान्य: अमेरिकेत २०१५ साली मंजूर झालेलं आर्क्टिक. पण त्यातला बदल कापल्यावर फोड काळी पडू नये म्हणून आहे, लाल रंगासाठी नाही. आणि एफएसएसएआय या आपल्या अन्नसुरक्षा संस्थेच्या ऑगस्ट २०२०च्या आदेशाप्रमाणे बाहेरून येणाऱ्या सफरचंदाच्या मालाबरोबर तो जीएम नसल्याचा दाखला लागतो.

आता ‘एका झाडाला दोन रंग येत नाहीत’. येतात. झाडाच्या एखाद्या डोळ्यातल्या, म्हणजे जिथून फांदी फुटते त्या कोंबातल्या, पेशीत, ती दुभागताना जनुक बदलतं. त्या डोळ्यातून फुटलेली फांदी तो बदल घेऊन वाढते, बाकीचं झाड आहे तसंच राहतं. १९२०च्या दशकात न्यू जर्सीतल्या एका बागेत डेलिशियस या जातीच्या सफरचंदाच्या झाडाची एकच फांदी अशी निघाली. तिची फळं इतरांच्या आधी आणि गडद लाल रंगायची. स्टार्क ब्रदर्स या रोपवाटिकेने ती फांदी ६,००० डॉलरला विकत घेतली, तिच्या काड्यांची कलमं बांधली आणि ‘स्टार्किंग’ नावाने विकली. डीएनएची रचना उलगडली १९५३ साली. मग ही फांदी कुठल्या प्रयोगशाळेतून आली? २००९ साली इंग्लंडच्या डेव्हनमध्ये तर एकच फळ निम्मं लाल, निम्मं हिरवं निघालं, मधोमध रेघ मारल्यासारखं.

‘पूर्वीची चव राहिली नाही’ ही तक्रार मात्र मला नाकारता येत नाही. बागायतदार दर वेळी जास्त लाल फांदी निवडत गेले, कारण बाजारात रंगाला भाव होता. त्यात डेलिशियसची साल जाड झाली आणि चव मागे पडली. ती आवडत नसेल तर गाला ही जात घ्या. त्यातलं रॉयल गालाही अशाच एका जास्त लाल फांदीतून आलेलं आहे.