दाजींनी बटण दाबलं

काम एवढंसंच होतं. लॅपटॉपवर एक छोटी खिडकी, तिच्यात दोन बटणं: 'जोडा' आणि 'दिवा'. दुसरं दाबलं की आर्डुइनो ऊनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डावरचा, १३ नंबरच्या पिनला जोडलेला इवलासा एलईडी लागायचा, पुन्हा दाबलं की विझायचा. पायथन आहे, खिडक्या-बटणं बनवायला त्यातलं टीकिंटर आहे, तासाभराचं काम, असं मीच स्वतःला सांगितलं होतं.

पहिली रात्र केबलने खाल्ली. ती निव्वळ चार्जिंगची निघाली, आत डेटाच्या तारा नाहीतच. दुसरी रात्र ४९ ने खाल्ली. मी बोर्डाला 'एक' पाठवतोय आणि बोर्ड म्हणतोय ४९ आले. अक्षर म्हणून पाठवलेल्या एकाचा आस्कीतला, म्हणजे अक्षरांना नंबर देणाऱ्या तक्त्यातला, नंबर ४९, हे कॉलेजात पाठ केलं होतं. परीक्षेत मार्कही मिळाले होते. उपयोग शून्य.

तिसऱ्या रात्री दिवा लागला, आणि नेमके दाजी आले.

दाजी लिफ्टचं बटण एकदा दाबत नाहीत. आठ-दहा वेळा दाबतात. "म्हणजे तिला कळतं, आपल्याला घाई आहे."

मी खुर्ची सरकवून दिली. "दाजी, आधी 'जोडा' दाबा. मग दोन सेकंद थांबा. मग 'दिवा'."

"दोन सेकंद कशाला?"

आता हे काय सांगणार! सिरियल पोर्ट, म्हणजे लॅपटॉपची बोर्डाशी बोलायची वाट, उघडला की ऊनो रीसेट होतो, आधी बूटलोडर हा त्याचा सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो, तेवढ्यात पाठवलेलं सगळं वाया जातं. हे एकाही नवशिक्यांच्या धड्यात मला धड दिसलं नाही. सगळे धडे 'झालं, इतकं सोपं!' वर संपतात. ज्यांचं झालं नाही, ते धडे लिहीत नाहीत. म्हणून मी प्रोग्रॅमला सरळ दोन सेकंद झोपवलं होतं. पण प्रोग्रॅम झोपला की खिडकीही झोपते.

"बोर्ड तयार होतोय," मी म्हटलं.

"हं," म्हणत दाजींनी 'जोडा' दाबलं आणि लगेच 'दिवा'वर लिफ्ट बोलवायला सुरुवात केली. टक टक टक टक. खिडकी ढिम्म.

"अडकलं रे तुझं."

"दाजी, थांबा."

"दाबल्याशिवाय कसं कळणार त्याला?" टक टक टक.

दोन सेकंद संपले. खिडकीने साठवलेले सगळे क्लिक एका दमात बोर्डाकडे गेले, तिथल्या ६४ बाइटच्या बफरमध्ये रांगेत उभे राहिले. आणि माझ्या स्केचमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये, कुठल्याशा पुश-बटणाच्या उदाहरणातून उचललेला २०० मिलिसेकंदांचा डिले तसाच राहिला होता. दिवा लागला, विझला, लागला, विझला. वरातीतल्यासारखा.

दाजी टाळ्या वाजवायला लागले. "वा! ए, इकडे या सगळे! बघा काय केलंय यानं!"

तीन रात्रींत मी जे जे बरोबर केलं होतं, त्यातलं काहीही कुणाला दिसलं नाही. कौतुक झालं ते माझ्या दोन चुकांचं, तेही ताईसमोर. ती म्हणाली, "छान आहे. पण उपयोग काय?" हा प्रश्न मला अजून टोचतो, कारण उत्तर नाही.

पुढच्या दोन दिवसांत मी सगळं नीट केलं. प्रोग्रॅमची ती झोप काढून टाकली, टीकिंटरच्या 'आफ्टर'ने दोन सेकंदांनंतरचं काम लावलं, तोवर 'दिवा' बटण करडं करून ठेवलं, डिले उडवला. रविवारी मुद्दाम दाजींना बोलावलं. त्यांनी करड्या बटणावर आठ वेळा टकटक केली. काही झालं नाही. बटण जागं झाल्यावर एकदाच दाबलं. दिवा लागला. पुन्हा दाबलं. विझला.

दाजी वाट बघत बसले.

"आता नाचत नाही?"

"दुरुस्त केलं, दाजी."

"अरेरे," ते म्हणाले. खरोखरच्या सहानुभूतीने. वर खांद्यावर हातही ठेवला. "होतं असं. पुन्हा प्रयत्न कर."

काल रात्री मी खिडकीत तिसरं बटण बसवलं. त्यावर 'नाच' लिहिलंय. दाजींना अजून सांगितलेलं नाही.