‘स्पष्टवक्ते’ यांना, हान्सच्या सक्तीबद्दल

नमस्कार ‘स्पष्टवक्ते’,

गाडीत शर्यतीचा सीटबेल्ट-पट्टा असेल तर हौशी ट्रॅक-डेलाही, म्हणजे हौशी लोक आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवतात त्या दिवशीही, ‘हान्स’ हे मान वाचवणारं उपकरण सक्तीचं करा, असं मी लिहिलं. त्यावर तुमची प्रतिक्रिया : “प्रेक्षकांत बसून ड्रायव्हरला शहाणपण शिकवणारे फार झाले. सहा-टोकी पट्टा आणि हेल्मेट असताना हे जोखड कशाला? अर्नहार्टसुद्धा घालत नव्हता.” (अर्नहार्ट म्हणजे नॅसकार या अमेरिकी शर्यत-मालिकेतला नामांकित ड्रायव्हर.) पुढे खर्चाबद्दल आणि सज्ञान माणसाच्या मर्जीबद्दल दोन ओळी. मतभेद असू देत हो, पण पहिल्याच वाक्यात समोरच्याची लायकी काढायची, ही कुठली चर्चा?

तर प्रेक्षकांबद्दल. मी मिशिगनमध्ये राहतो आणि इथल्या क्लब शर्यतींना वळणावर झेंडे घेऊन उभा राहतो. बरीच वर्षं. पगार नाही, डबा घरचा. गाडी भिंतीवर गेली की पिवळा झेंडा हलवायचा, अग्निशामक सिलिंडर उचलून पळायचं, खिडकीची जाळी सोडायची आणि ड्रायव्हरला सांगायचं, मान हलवू नकोस, फक्त अंगठा दाखव. एकाने अंगठा दाखवायला फार वेळ लावला होता. वाचला तो. पुढच्या मोसमात हान्स घालून आला, आणि मी त्याला शहाणपण शिकवलेलं नव्हतं. तुम्ही कुठल्या वळणावर उभे असता, तेही कळू द्या.

आता पट्टा. सहा-टोकी, म्हणजे सहा ठिकाणी बांधलेल्या, पट्ट्याने धड सीटला जखडलं जातं, म्हणूनच तर पंचाईत होते. गाडी थांबते, धड थांबतं, डोकं मात्र हेल्मेटच्या वजनासकट पुढे जातं आणि सगळा ताण मानेवर येऊन कवटीचा तळ फुटतो. हान्स खांद्याच्या पट्ट्यांखाली बसतं आणि दोन दोऱ्यांनी हेल्मेट धरून ठेवतं. एवढंच. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या रॉबर्ट हबर्ड यांनी ते बनवलं, ते त्यांचे मेहुणे जिम डाउनिंग यांच्या आग्रहाने. डाउनिंग स्वतः शर्यतीत उतरणारे. त्यांना तरी प्रेक्षक म्हणू नका.

अर्नहार्टचं उदाहरण तुम्ही कुठल्या बाजूने दिलंत, हेच मला कळलं नाही. तो १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोनाच्या शर्यतीच्या शेवटच्या फेरीत गेला, कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरने. पट्टा तुटला होता की नाही यावर पुढे वाद झाले, ते इथे नकोत. ऑक्टोबरमध्ये शार्लटच्या शर्यतीत ब्लेझ अलेक्झांडर हा ड्रायव्हरही गेला आणि त्याच महिन्यात नॅसकारने डोकं-मान धरणाऱ्या अशा उपकरणाची सक्ती केली. फॉर्म्युला वनमध्ये ती २००३ पासून आहे, एससीसीए या अमेरिकी संघटनेच्या हौशी क्लब शर्यतींत २०१२ पासून. ट्रॅक-डेला मात्र अनेक आयोजक ते अजून ड्रायव्हरवर सोडतात, आणि नवशिका येतो तो तिथेच.

खर्चाचं मान्य. काही शे डॉलर जातात, शिवाय हेल्मेटला दोऱ्या अडकवायचे अँकर बसवावे लागतात. तीन-टोकी पट्ट्याच्या घरच्या गाडीला हान्स लागू पडत नाही, हेही खरं. पण माझा लेख त्या गाड्यांबद्दल नव्हताच.

‘सज्ञान माणसाला ठरवू द्या’ हे वाक्य हेल्मेटबद्दलही ऐकून झालंय. त्यावर वेळ घालवत नाही.

प्रतिक्रिया पुन्हा लिहा, जरूर लिहा. पण पुढच्या खेपेला माझ्या लायकीबद्दलची ओळ असेल तर ती प्रसिद्ध होणार नाही.