डॅशबोर्ड शेवटी उतरवायचा : एका मेस्त्रींच्या प्रतिक्रियेला उत्तर

मेस्त्री, नमस्कार.

जुन्या गाडीत डॅशबोर्डच्या जाळ्यांतून हवा येईनाशी झाली तर काय तपासावं, या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून रागावून लिहिलंत. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. डॅशबोर्ड उतरवल्याशिवाय आतलं काही कळत नाही, बाहेरून अंदाज बांधणं ही हौशी लोकांची करमणूक. असले लेख वाचून लोक घरी क्लिपा तोडतात आणि मग गाडी तुमच्याच दारात येते. आणि शेवटी, पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत एवढा जीव कशाला घालवायचा, वारा हवा तर काच खाली करा.

क्लिपांबद्दल तुमच्याशी भांडण नाही. वर्षानुवर्षं उन्हात तापलेलं प्लास्टिक कडक होतं आणि नवीन असताना जी क्लिप वाकायची ती आता कट्‌कन मोडते. म्हणून लेखात मी कुणालाही डॅशबोर्ड सोडवायला सांगितलेलं नाही. ग्लोव्ह बॉक्स उतरवा, टॉर्च घ्या, पायाशी वाकून बघा, इतकंच सांगितलंय. त्यातही पॅसेंजरच्या बाजूला एअरबॅग असेल तर तिथल्या वायरींना हात लावू नका, असं स्पष्ट लिहिलंय.

पण ‘उतरवल्याशिवाय कळत नाही’ हे मला अजिबात मान्य नाही. उतरवायचा की नाही हे ठरवण्यासाठीच तर आधी तपासायचं. ‘हवा येत नाही’ या एकाच तक्रारीखाली वेगवेगळे आजार येतात, आणि त्यांतले बरेचसे डॅशबोर्डला हात न लावता ओळखता येतात.

ब्लोअरचं, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्याचंच घ्या. कळ एक, दोन, तीनवर गप्प आणि चारवर सुसाट, म्हणजे पंख्याचा वेग कमी करणारा रेझिस्टन्स गेला. पहिल्या तीन वेगांना करंट रेझिस्टन्समधून जातो, चौथ्याला थेट मोटरला मिळतो, म्हणून चौथा शाबूत राहतो. हे तुम्हाला झोपेतही माहीत असेल. पण गाडीमालकाला माहीत नसतं, आणि त्याला कुणीतरी ‘मोटर गेली, डॅशबोर्ड काढावा लागेल’ असं सांगितलं तर तो मान डोलावतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत हा रेझिस्टन्स ग्लोव्ह बॉक्सच्या मागे दोन स्क्रूंवर बसवलेला असतो. कुठल्याच नंबरवर आवाज नसेल तर आधी फ्यूज बघायचा. मग ब्लोअर चालू ठेवून मोटरच्या अंगावर पेचकसाच्या मुठीने हलकेच टकटक करायचं. ती घरघरत सुरू झाली तर मोटरला आतून करंट पोचवणारे कार्बन ब्रश संपत आलेत. नवा रेझिस्टन्सही लवकर जळला तर मात्र दोष त्याचा नसतो. मोटर जड फिरत असते आणि जास्त करंट ओढते, किंवा हवेची वाट तुंबलेली असते. रेझिस्टन्स त्याच हवेने थंड होतो, हवा कमी झाली की तो तापून मरतो.

ब्लोअर जोरात ओरडतोय पण जाळीतून नुसती फुंकर येतेय, ही वेगळी गोष्ट. अनेक जुन्या गाड्यांना केबिन फिल्टर मुळात नसतोच. वायपरखालच्या जाळीतून गेलेला पाला, धूळ, कधी उंदराचं घरटं, सगळं कूलिंग कॉइलच्या, म्हणजे एसीची हवा गार करणाऱ्या जाळीदार भागाच्या तोंडाशी जाऊन बसतं. पण सुरुवातीला हवा छान आणि तासाभराच्या प्रवासानंतर हळूहळू मंदावत गेली तर कचऱ्यावर आळ घेऊ नका. एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत हवा परत आली आणि गाडीखाली नेहमीपेक्षा जास्त पाणी गळलं, तर कॉइलवर बर्फ धरत होता. तिथे कॉइल फार गार झाली की एसी थांबवणारा थर्मोस्टॅट तपासायचा आणि गॅसचा दाब बघायचा, कारण गॅस कमी झाला तरी कॉइल गोठते. यासाठी डॅशबोर्ड उतरवणं म्हणजे निव्वळ मजुरी लावणं.

आता मुख्य वाद : हवा आहे, पण सांगू तिथे जात नाही. नॉब तोंडाकडे, वारा पायाकडे. तुम्ही विचारलंत, ‘नॉब फिरवणाऱ्या बोटाला काय कळतं?’ पुष्कळ कळतं. केबलवर चालणाऱ्या जुन्या पॅनलमध्ये नॉब किंवा सरकती दांडी एक तार ओढते, आणि ती तार हीटर बॉक्सच्या (डॅशबोर्डमागच्या, हवा वाटून देणाऱ्या पेटीच्या) कुशीतली तरफ फिरवते. तरफ आतले फ्लॅप, म्हणजे हवेचा रोख बदलणाऱ्या झडपा, हलवते. नॉब बिनविरोध गरगर फिरतोय म्हणजे तार खुंटीवरून निसटली किंवा तिचं आवरण धरणारी क्लिप सुटली. नॉब जड लागतोय म्हणजे तारेला पीळ बसलाय किंवा फ्लॅपमध्ये काही अडकलंय. काचेजवळच्या फटीतून पेन, नाणी, टोलच्या पावत्या आत जातात. इथे जोर लावला की पॅनलचा प्लास्टिकचा दात तुटतो आणि छोटं काम मोठं होतं.

लेखातली जी तपासणी तुम्ही ‘पोरखेळ’ म्हणून उडवून लावलीत तिच्याबद्दल सविस्तर सांगतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत हीटर बॉक्सच्या बाजूची तरफ पायाशी वाकून, टॉर्चच्या उजेडात दिसते. ब्लोअर चालू ठेवायचा आणि ती तरफ हाताने फिरवायची. हवा तोंडाकडून पायाकडे, पायाकडून काचेकडे गेली तर फ्लॅप धडधाकट आहेत. दोष तारेत किंवा पॅनलमध्ये. तरफ फिरतेय आणि हवा ढिम्म, तर आत फ्लॅपचा दांडा तुटलाय. फक्त या दुसऱ्या वेळी डॅशबोर्ड उतरवायची बोलणी करावीत. नॉबऐवजी छोटी मोटर असलेल्या गाड्यांत आतून टिक-टिक ऐकू येते, ती मोटरच्या गिअरचे दात झिजल्याची खूण. या तपासणीत एकही क्लिप सोडवायची नाही, त्यामुळे मोडायचीही नाही.

तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरेल अशी गाडीही आहे. १९९५ पासून पुण्यात जोडली गेलेली मर्सिडीज डब्ल्यू १२४. तिच्यात फ्लॅप केबलवर नाही, व्हॅक्यूमवर, म्हणजे नळ्यांतून हवा ओढून घेऊन चालतात. फ्लॅप ओढणाऱ्या आतल्या छोट्या डब्यांमधला रबरी पडदा वयोमानाने फाटतो, आणि ते डबे बदलायचे तर सगळा डॅशबोर्ड बाहेर येतो, त्याला इलाज नाही. तरीसुद्धा कुठला डबा फुटलाय हे आधी कळू शकतं. हवा ओढणारा हातपंप एकेका नळीला लावायचा, व्हॅक्यूम धरला तर डबा ठीक, सुटला तर तोच गुन्हेगार. आणि नळीच फाटली असेल तर डब्यांना हातही लावावा लागत नाही. अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींकडच्या जुन्या गाड्यांतही अनेकदा हाच प्रकार असतो : चढावर ॲक्सिलरेटर दाबला की समोरची हवा आपोआप काचेकडे पळते. इंजिनाचा व्हॅक्यूम तेवढ्यापुरता पडतो, आणि कुठेतरी गळती किंवा खराब चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) असल्यामुळे साठवलेला व्हॅक्यूम पुरत नाही. व्हॅक्यूम गेला की स्प्रिंग फ्लॅपला काचेकडे ढकलते. हे मुद्दाम केलेलं असतं, बिघाड झालाच तर निदान समोरचं दिसावं म्हणून.

यावरूनच तुमच्या ‘काच खाली करा’वर येतो. एप्रिलमध्ये ठीक आहे. जुलैमध्ये ताम्हिणीत किंवा आंबोलीत, बाहेर धो धो पाऊस आणि आत चार माणसं, तेव्हा काच खाली करून दाखवा. समोरची काच आतून धुरकट होते आणि तेव्हा हवा काचेवर वळवता आली नाही तर ड्रायव्हर एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने फडकं चालवतो. त्या वेळी तीन गोष्टी लागतात : एसी चालू, कारण कॉइलवर हवेतली ओल निघून जाते, हवा बाहेरची, आणि रोख काचेकडे. आतलीच हवा फिरवणारा फ्लॅप अडकला असेल तर श्वासातली सगळी वाफ आतच घुमते. गाडी पंधरा वर्षांची असो की पाच, पावसाळ्याआधी एवढं चालू असलंच पाहिजे. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ साली थांबलं, तरी घाटात ती अजून दिसतेच.

जाळीच्या मोडलेल्या पट्ट्यांवरूनही तुम्ही टोमणा मारलात, की फेव्हिक्विक लावायला कोण सांगतं. मी नाही सांगत. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात ‘पीपी’ (पॉलिप्रॉपिलीन, एक प्रकारचं प्लास्टिक) लिहिलं असेल तर त्यावर फेव्हिक्विक धरतच नाही. स्टेपलरची किंवा पेपर क्लिपची तार गरम करून मोडलेल्या खुंटीच्या जागी रोवली तर पट्टी पुन्हा वळू लागते. नाहीतर मुंबईत कुर्ल्याला किंवा पुण्यात नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, अख्खी जाळी मिळते का बघावं.

एक गोष्ट मात्र तुमच्याकडून शिकायची आहे. फ्लॅपवरचा फोम आपल्याकडच्या दमट हवेत कुजतो आणि त्याचे काळे कण जाळीतून उडू लागतात. मग फ्लॅप नीट मिटत नाही, हीटरची गरम हवा एसीच्या थंड हवेत मिसळते आणि मालक दर उन्हाळ्यात निष्कारण गॅस भरून घेतो. बॉक्स उघडल्यावर तुम्ही तिथे कोणता फोम चिकटवता? बाजारातल्या चिकट पट्टीचा गोंद हीटरच्या बाजूला पातळ होऊन सुटतो, असा माझा अनुभव आहे. तुम्ही काही वेगळं वापरत असाल तर नाव लिहा, मी ते मूळ लेखात घालतो.