दिवाणजींचा डॅश

"मामा, बिलाच्या प्रोग्राममध्ये बाराच ओळींचा बदल आहे. चहा प्यायच्या आत बघून होईल," असा मेसेज भाच्यानं सकाळी दहाला टाकला. मे महिन्यात सोलापुरात सकाळी दहाला चहा पिणाऱ्या माणसाच्या निर्णयशक्तीवर कुणी भरवसा ठेवू नये. मी "पाठव" म्हणालो.

अक्कलकोट रोडला एक टॉवेलचा कारखाना आहे. त्यांचा बिलाचा प्रोग्राम मी 2008 साली सी भाषेत लिहिला. तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं आणि सी येणाऱ्या मुलाला बरी स्थळं येतात असा माझा समज होता. समज मोडला, प्रोग्राम मात्र चालू राहिला. भाचा इंजिनिअरिंग करून घरी बसला, तेव्हा "पुण्याचं काही होईपर्यंत ठेवून घे" म्हणून ताईनं तो माझ्या पदरात घातला. आणि पहिल्याच महिन्यात त्यानं नेमका माझ्या लाडक्या फंक्शनला हात घातला: एक ओळ घ्यायची, स्वल्पविराम दिसेल तिथं तोडायची, तुकडे वेगळे करायचे. मी ते स्ट्रटॉकनं, म्हणजे सीमधल्या एका तयार फंक्शननं, केलं होतं.

ज्याच्या घरी माग होता त्याला स्ट्रटॉक शिकवावा लागत नाही. मागावर टॉवेल सुटे निघत नाहीत; एकाला एक जोडून लांबच लांब येतात. दोघांच्या मध्ये बोटभर जागा बाणा न भरता सोडलेली असते. कापणारा तिथं कात्री चालवतो, मोकळ्या धाग्यांच्या दशा होतात. स्ट्रटॉक म्हणजे हा कापणारा. तो नवं कापड आणत नाही. तुमच्याच ओळीतल्या स्वल्पविरामावर शून्य बाइट, म्हणजे 'इथं संपलं' अशी खूण, ठेवतो आणि तुकडा हातात देतो. मूळ ओळ अखंड परत मिळणार नाही. कुठपर्यंत कापलं हे तो डोक्यात ठेवतो, मध्येच दुसरं ठाण पुढ्यात टाकलं की पहिलं विसरतो. लिनक्सच्या मॅन्युअलमध्ये तर 'बग्ज' या मथळ्याखालीच त्याच्याबद्दल जपून राहायला सांगितलंय. आपल्या गावात एवढी बदनामी झालेल्या माणसाला कुणी उधार देत नाही. मी अख्खा कारखाना दिला होता.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे दोन स्वल्पविराम लागून आले की तो त्यांना एकच धरतो. पांढऱ्या टॉवेलचा रंग कुणी लिहीत नाही, म्हणून ओळ यायची: 'टर्किश,,144'. मधला रिकामा रकाना हा गिळून टाकायचा आणि बिलावर छापून यायचं, 'रंग: 144'. 2008 साली मी यावर जालीम उपाय शोधला. दिवाणजींना सांगितलं, रंग नसेल तिथं डॅश मारा. डॅश दिसला की 'पांढरा' छापायची एक ओळ वाढवली आणि त्या कामाचे वेगळे पैसेही लावले.

भाच्यानं आता स्ट्रटॉक काढून स्ट्रसेप घातला होता. तो रिकामा रकानाही मोजून देतो. विंडोजवर तो आयता मिळत नाही, पण कारखान्यात लिनक्स आहे, त्यामुळे तिथं बोलायला तोंड नव्हतं. मग मी खरा रिव्ह्यू सुरू केला. टॅब आहे, स्पेस हवी. व्हेरिएबलचं नाव 'पी' काय ठेवलंस? या कंसाआधी जागा का सोडली? दुपारी एकपर्यंत असले नऊ शेरे मारले.

साडेबाराला ताईचा फोन येऊन गेला होता. "काय रे, पोराचं काय अडवून धरलायस? जेवला नाही तो."

"ताई, मेमरीचा प्रश्न आहे."

"त्याची मेमरी चांगली आहे. दहावीला पाठांतरात पहिला होता."

तीन वाजता कूलरमधलं पाणी संपलं, आणि त्या उकाड्यात खरी चूक दिसली. पठ्ठ्यानं ओळीची नक्कल करून घेतली, तिचा पॉइंटर, म्हणजे ती मेमरीत कुठं आहे तो पत्ता, स्ट्रसेपच्या हाती दिला आणि शेवटी जागा परत करायला तोच पॉइंटर फ्री केला. पण स्ट्रसेप दरवेळी तो पॉइंटर पुढं सरकवतो आणि शेवटचा तुकडा दिला की त्यात नल, म्हणजे रिकामा पत्ता, ठेवतो.

"मामा, फ्री केलंय की!"

"कुणाला? नलला. नलला फ्री केलं तर सी काही म्हणत नाही, गप्प बसतं."

"मग चूक कुठंय?"

मी व्हॅलग्रिंड, म्हणजे परत न केलेली मेमरी पकडणारा प्रोग्राम, चालवून दाखवला. 212 ओळींची फाइल, 212 नकला, एकही परत केलेली नाही. तो बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिला. "दोन पॉइंटर ठेव," मी म्हणालो, "एक फिरायला, एक परत द्यायला." फार बरं वाटलं. त्या भरात मी बाकीचे नऊ शेरे मागे घेतले, बदल मंजूर केला आणि संध्याकाळी ताईकडं जाऊन कडक भाकरी नि शेंगा चटणी खाऊन आलो.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात नवा प्रोग्राम चढवला आणि दिवाणजींना आनंदाची बातमी दिली, आता डॅश मारायची गरज नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, माझ्याकडं पाहिलं, भाच्याकडं पाहिलं.

"ह्ये तुमचं पोरगं पुण्याला कधी जाणार?"

"झालं काही तर दिवाळीनंतर."

"मग असू दे की डॅश," म्हणाले, आणि पुढच्या ओळीत मारला.