लक्ष्य किंमत सांगणाऱ्यावर शंका घेऊ नये

शेअर विश्लेषकाचे म्हणणे कितपत मानावे, हा प्रश्न ज्यांना छळतो त्यांनी बँकेत मुदत ठेव करावी आणि सुखाने झोपावे. आपण मात्र मायक्रॉनसारख्या मेमरी चिप बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीचा शेअर घ्यायला निघाला आहात, तेव्हा काही पथ्ये पाळणे भाग आहे.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे विश्लेषकाचा जुना अहवाल कधीही जपून ठेवू नये. आमच्या शेजारच्या काकांनी ही चूक केली. दिनदर्शिकेवर दुधाचे खाडे मांडतात त्याच्याच शेजारी ते तारीख, त्या दिवशीचा भाव आणि विश्लेषकाने दिलेली लक्ष्य किंमत (शेअर पुढे कुठवर जाईल याचा त्याचा अंदाज) लिहू लागले. वर्षभरात त्यांच्या लक्षात आले की भाव चढला की पाठोपाठ लक्ष्यही चढते आणि भाव कोसळला की तेही मुकाट्याने पायऱ्या उतरते. वरातीत घोड्यामागून चालणाऱ्याला घोडा कुठे निघाला आहे हे नेहमीच अचूक ठाऊक असते, एवढे काकांना कळायला हवे होते.

अंदाज चुकला तर हवामानाला बोल लावावा. मॉर्गन स्टॅन्ले या अमेरिकी गुंतवणूक बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये मेमरी उद्योगात हिवाळा, म्हणजे मंदी, येत असल्याचे जाहीर केले, तेव्हा मायक्रॉन सत्तर-पंचाहत्तर डॉलरच्या घरात होता. जानेवारी २०२२ मध्ये तो नव्वदीपार गेला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पन्नासवर आला, म्हणजे ऐकणारे आणि हसणारे दोघेही आळीपाळीने शहाणे ठरले. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा हिवाळ्याची वर्दी देत याच संस्थेने कोरियाच्या एसके हायनिक्सची लक्ष्य किंमत २,६०,००० वॉनवरून १,२०,००० वॉनवर आणली. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात तो शेअर पाच लाख वॉन ओलांडून गेला. स्वेटर विकत घेतलेल्यांनी तो सांभाळून ठेवावा, कधीतरी लागेलच.

आता खुद्द मालाविषयी. डीरॅम ही मेमरी चिप म्हणजे सिलिकॉनचा कांदा आहे. भाव चढले की सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांनाही लागवड वाढवण्याची घाई होते, कारखाना उभा राहून माल बाजारात यायला काही वर्षे जातात आणि तोवर गिऱ्हाइकांच्या वखारी तुडुंब भरलेल्या असतात. मायक्रॉनने २०२२ च्या आर्थिक वर्षात ८.६९ अब्ज डॉलर निव्वळ नफा मिळवला, २०२३ मध्ये ५.८३ अब्जांचा तोटा सोसला आणि २०२५ मध्ये पुन्हा ८.५४ अब्जांचा नफा दाखवला. म्हणून पी/ई (शेअरचा भाव भागिले प्रति शेअर नफा) एक आकडी दिसू लागला की शेअर स्वस्त समजून डोळे मिटून घ्यावा. नफा शिखरावर असल्यामुळेच तो आकडा लहान दिसतो, असली कुजबुज मनावर घेऊ नये. तोट्याच्या वर्षी तर पी/ई काढताच येत नाही, आणि जे काढता येत नाही ते विकत तरी कसे घ्यायचे?

‘या वेळी वेगळे आहे’ हे वाक्य मात्र पाठ करून ठेवावे. एआयसाठी लागणाऱ्या एचबीएम या वेगवान मेमरी चिपला तेवढ्याच क्षमतेच्या डीडीआर५ या साध्या मेमरीच्या सुमारे तिप्पट वेफर (चिप ज्यावर घडवतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) लागतात, त्यामुळे साध्या मेमरीचा तुटवडा पडतो, हे खरेच आहे. जपानची एल्पिडा २०१२ मध्ये दिवाळखोरीत जाऊन २०१३ मध्ये मायक्रॉनच्या पदरात पडली, तेव्हाही ‘आता मोठे तिघेच उरले, भाव कोण पाडणार’ असे सांगितले जात होते, आणि तिघे उरले हेही खरेच होते. २०२३ चा तोटा त्या तिघांच्या राज्यातलाच.

अहवालाच्या शेवटी बारीक अक्षरांत छापलेली पाने असतात. ज्या कंपनीचा शेअर सुचवला तिच्याकडूनच विश्लेषकाच्या बँकेला कामाचे पैसे मिळतात किंवा मिळू शकतात, अशा अर्थाचा मजकूर तिथे असतो. डोळ्यांना ताण नको म्हणून तो वाचू नये. संशोधनावर बँकिंगच्या धंद्याचा दाब असल्याच्या आरोपावरून २००३ मध्ये वॉल स्ट्रीटवरच्या दहा संस्थांनी सुमारे १.४ अब्ज डॉलर देऊन तडजोड केली होती, पण ती फार जुनी गोष्ट झाली.

आणि काकांकडे अजिबात जाऊ नका. या महिन्यात त्यांच्या दिनदर्शिकेवर तीन खाडे आणि चार नवी लक्ष्ये आहेत, आणि पैसे चुकते करताना ते फक्त खाड्यांचा हिशेब धरतात.